पिवळ्या रेघेची गोष्ट

परवा सकाळी भात उतू गेला. फोनवर बोलत होते, लक्ष नव्हतं, झाकण खडखडायला लागलं तशी धावत गेले तर सगळी पेज बर्नरवर, आणि गॅसची निळी ज्योत पार पिवळीधमक. आमच्याकडे भातात मीठ घालायची पद्धत, माहेरची सवय, ती काही सुटली नाही. मी गॅस बंद करायला हात पुढे केला आणि मागून लेक ओरडली, "आई थांब थांब, बंद नको करू, खोकं आणते."

खोकं म्हणजे आम्ही दोघींनी मे महिन्यात बनवलेला स्पेक्ट्रोस्कोप. बुटाचा जुना बॉक्स, एका बाजूला दाढीच्या ब्लेडची दोन पाती कडेला कड लावून चिकटवलेली, मध्ये फट एवढी बारीक की कागदसुद्धा जेमतेम जाईल, आणि दुसऱ्या बाजूला डोळा लावायच्या भोकावर डीव्हीडीचा तुकडा. डीव्हीडीचे दोन पापुद्रे सोलून वेगळे केले की चांदीसारखा थर एकाबरोबर निघून जातो आणि दुसरा पारदर्शक पापुद्रा उरतो, तो लावायचा. त्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या हजारो बारीक रेघा असतात, त्या प्रकाशाचे रंग सुटे करतात. खर्च शून्य, वेळ एक दुपार. ब्लेड मात्र मोठ्यांनीच हाताळायचं.

तर तिने खोकं त्या पिवळ्या ज्योतीकडे धरलं आणि गप्प झाली. मग मला दिलं. आत सगळा काळोख, आणि काळोखात एकच पिवळी उभी रेघ. लाल नाही, हिरवा नाही, निळा अगदी पुसट, तोही गॅसचा स्वतःचा. मेणबत्तीकडे धरलं की त्याच खोक्यात लालपासून जांभळ्यापर्यंत अख्खा पट्टा दिसतो, जुन्या सीएफएलच्या दिव्याकडे धरलं की रंगांचे सुटे सुटे तुकडे दिसतात, एलईडीत पट्टा दिसतो पण निळा जरा जास्तच दाट. आणि मिठाच्या ज्योतीत ही एकटी पिवळी. मिठातल्या सोडियमची. जगात कुठेही, कुठल्याही स्वयंपाकघरात, मीठ ज्योतीत पडलं की रेघ हीच आणि जागाही हीच, एका केसाचाही फरक नाही.

तेव्हापासून मला या रेघेबद्दल लिहायचं होतं. कारण या रेघेच्या शेजारी अजून एक पिवळी रेघ आहे, आणि तिचा माझ्या आजोळाशी संबंध आहे, म्हणजे लहानपणापासून मी तसं समजत होते.

आजोळ देवगड तालुक्यातलं. चौथीत की पाचवीत असताना मामाने आम्हा सगळ्या भावंडांना विजयदुर्ग दाखवायला नेलं होतं. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत चिंचेची झाडं, पायाखाली गवत, आणि एका ठिकाणी दगडी चौथरे. मामा म्हणाला हे साहेबाचे कट्टे. लॉकियर नावाचा साहेब इथे दुर्बीण लावून बसला होता, १८६८ साली, ग्रहण बघायला, आणि इथून त्याने सूर्यावर हेलियम शोधला. मी त्या कट्ट्यावर चढून सूर्याकडे तोंड करून उभी राहिले होते हे मला अजून आठवतं, दगड तापलेला होता, चप्पल काढलेली, पाय भाजत होते तरी उतरले नाही. पुढे शाळेत पिरियॉडिक टेबल आलं तेव्हा दुसऱ्या नंबरवर हेलियम, आणि माझ्या मनात लगेच, हा आमचा. अख्ख्या वर्गाला मी सांगितलं होतं.

मग खूप वर्षांनी, लग्न होऊन पुण्यात आले, ग्रहणांबद्दल वाचायचा नाद लागला तेव्हा तारखा जुळेनात. ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चं, ते बरोबर. खग्रास होतं, सावली हिंदुस्थानावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली, तेही बरोबर. पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. कोकणातच काय, हिंदुस्थानात नव्हता.

खरं सांगते, मला त्या रात्री वाईट वाटलं, घरातली एखादी जुनी वस्तू आपली नाहीच असं कुणी सांगावं तसं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना एकदम लक्षात आलं की अगं, १८ ऑगस्ट! श्रावण! कोकणात श्रावणात आभाळ कसं असतं हे मला कुणी सांगायची गरज आहे का? समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, चार चार दिवस ऊन नाही. त्या दिवसांत दुर्बिणी घेऊन विजयदुर्गाच्या तटावर कोण बसेल? ही शंका आम्हा कोकणातल्या माणसांना सगळ्यात आधी यायला हवी होती.

मग मी खरी गोष्ट शोधायला लागले, आणि ती मामाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी निघाली.

ती सुरू होते काचेपासून. न्यूटनने लोलकातून उन्हाचे सात रंग पाडले हे सगळ्यांना माहीत असतं. पण जर्मनीत जोसेफ फ्राउनहोफर म्हणून एक काच घासणारा कारागीर होता, लहानपणीच आईबाप गेलेले, उमेदवारी करत असताना मालकाचं घर कोसळलं आणि हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. तो पुढे त्या काळातल्या सगळ्यात चांगल्या दुर्बिणींची भिंगं बनवायला लागला. १८१४ मध्ये तो आपल्या काचा तपासत होता, बारीक फटीतून ऊन घेऊन लोलकातून पाडलं आणि छोट्या दुर्बिणीतून बघितलं तर रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा. एक दोन नाही, त्याने पाचशेच्या वर मोजल्या. त्याच्या आधी वोलॅस्टन नावाच्या इंग्रजाला त्यातल्या पाच-सात दिसल्या होत्या, पण त्याला त्या रंगांच्या हद्दी वाटल्या. फ्राउनहोफरने एकेक रेघ मापून नकाशा काढला, ठळक रेघांना अक्षरं दिली, पिवळ्यातल्या जोडरेघेला डी. या रेघा का आहेत ते त्याला कळलं नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला.

त्याच सुमाराला ऑग्युस्त काँत नावाच्या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्या काळी हे अगदी शहाणपणाचं बोलणं होतं. जिथे जाता येत नाही, जिथून मूठभर माती आणता येत नाही, त्याचं पृथक्करण करणार कसं?

आणि मग १८५९ मध्ये हायडलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन. बुन्सेन म्हणजे आपल्या शाळेच्या लॅबमधल्या बर्नरचा तोच. त्यांनी जे केलं ते माझ्या उतू गेलेल्या भाताच्या फार जवळचं आहे म्हणून जरा सावकाश सांगते. मिठाची ज्योत पेटवली की पिवळी उजळ रेघ दिसते, आणि ती नेमकी तिथेच पडते जिथे उन्हातली काळी डी रेघ आहे, हे कळलेलं होतं. किरखॉफला वाटलं की उन्हाच्या वाटेत मिठाची ज्योत ठेवली तर ज्योतीचा पिवळा प्रकाश काळ्या रेघेवर पडेल आणि ती रेघ भरून निघेल. ठेवली. तर रेघ अजून काळी झाली.

यावर तो काय म्हणाला असेल माहीत नाही, पण इथेच कुलूप उघडलं. जो वायू तापून एखादा रंग देतो, तोच वायू त्याच्या मागून त्याहून तप्त उजेड आला तर नेमका तोच रंग खातो. म्हणजे सूर्याच्या तळपत्या पृष्ठभागावर थोडा थंड वायूचा थर आहे, त्यात सोडियम आहे, आणि तो वाटेतच आपला पिवळा काढून घेतो. उरलेलं ऊन आपल्यापर्यंत येतं, त्यात तेवढी फट असते. माझ्या स्वयंपाकघरातलं मीठ आणि सूर्यावरचं सोडियम एकच. माणसाने पंधरा कोटी किलोमीटरवरून सूर्याची चव घेतली असं मला हे वाचताना वाटलं होतं आणि अजून वाटतं.

याचा पुरावा आपल्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टांगलेला होता. ते नारिंगी-पिवळे सोडियमचे दिवे आठवतात? आता सगळीकडे पांढरे एलईडी आले, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गोडाऊनच्या गेटवर अजून एक जुना दिवा आहे. आम्ही दोघी रात्री जेवण झाल्यावर खोकं घेऊन तिथे गेलो, वॉचमनकाका बघत होते, त्यांनाही दाखवलं. त्या दिव्यात नळीतला सोडियमचा दाब बराच असतो, त्यामुळे पिवळी रेघ पसरून रुंद पट्टा होतो. आणि त्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, जिथे सगळ्यात उजळ असायला हवं तिथे, काळी फट दिसते. नळीच्या मध्यात सोडियम जास्त तापलेलं, कडेला नळीच्या भिंतीपाशी जरा थंड, आणि कडेचं मधल्याचा पिवळा खातं. किरखॉफची गोष्ट एका खांबावर. वॉचमनकाका म्हणाले, "इतकी वर्षं याच्याखाली बसतोय मी." मग त्यांनी परत एकदा बघितलं.

आता १८६८. सूर्याच्या काळ्या रेघा वाचता यायला लागल्या होत्या, पण खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेने ज्या लाल ज्वाळा उठलेल्या दिसतात त्या काय आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. ढग की वायू, यावर वाद चाललेले. म्हणून त्या ग्रहणाला पहिल्यांदा स्पेक्ट्रोस्कोप घेऊन माणसं सावलीच्या वाटेवर येऊन बसली. फ्रान्सचा जूल जान्सेन गुंटूरला. इंग्रजांचा मेजर टेनंटही गुंटूरला. मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला. आणि आपल्या बाजूला जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल. हा युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. त्याच आजोबाने १८०० मध्ये लोलकाच्या रंगांत थर्मामीटर ठेवून ठेवून बघितलं होतं आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा सगळ्यात जास्त चढला होता. इन्फ्रारेड असं सापडलं. नातू जमखंडीच्या माळावर ढगांशी झगडत होता, ढग येत होते आणि जात होते, आणि मिळालेल्या फटीत त्याने ज्वाळेच्या उजळ रेघा पाहून घेतल्या.

सगळ्यांना उजळ रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाळा हा तापलेला वायू, वाद मिटला. हायड्रोजनच्या रेघा ओळखीच्या होत्या. आणि एक पिवळी होती. पिवळी म्हटल्यावर सोडियमच असणार असं बहुतेकांनी धरलं, डी ती हीच. ग्रहणाच्या त्या काही मिनिटांत, अंधारात, घाईने, हलत्या दुर्बिणीवर किती नेमकं मापणार? सोडियमच्या दोन रेघा (आमच्या खोक्यात त्या मिळून एकच दिसतात) ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, आणि ही नवी ५८७.६ वर. म्हणजे जवळच्या रेघेपासून १.४ नॅनोमीटर लांब, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या अंतरात एक अख्खं मूलद्रव्य लपलेलं होतं.

जान्सेनच्या डोक्यात वेगळाच विचार आला. रेघा इतक्या तेजस्वी होत्या की त्या बघायला ग्रहण लागेलच कशाला असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रहण संपलेलं, ऊन लख्ख, त्याने फट सूर्याच्या नेमक्या काठावर आणली आणि रेघा दिसल्या. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. पुढे १८७० मध्ये पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना हा बलूनमधून उडून वेढ्याबाहेर पडला आणि ग्रहणासाठी अल्जेरियाला गेला, आणि तिथे आभाळ भरून आलं, काही दिसलं नाही. तरी पुढच्या वर्षी परत ग्रहण बघायला हजर.

आणि लॉकियर? तो लंडनला युद्ध खात्यात कारकून होता. खगोलशास्त्र हा त्याचा ऑफिस सुटल्यानंतरचा उद्योग. ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसतील ही कल्पना त्यालाही आधीच आली होती, स्पेक्ट्रोस्कोप बनवायला टाकला होता, पण तो तयार व्हायला खूप उशीर झाला. ऑक्टोबरमध्ये हातात आला आणि २० तारखेला त्याने लंडनमधूनच ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. जान्सेनचं पत्र हिंदुस्थानातून जहाजाने जाईपर्यंत आठवडे गेले, आणि दोघांची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकॅडमीत एकाच दिवशी पोचली. भांडण व्हायचं सोडून फ्रेंचांनी पदक काढलं, त्याच्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी.

ती पिवळी रेघ सोडियमची नाही हे लॉकियरने पुढे नीट मापून दाखवलं. त्याला शंभर जणांनी सांगितलं असेल की हायड्रोजनचंच काहीतरी असेल, दाब कमीजास्त, तापमान कमीजास्त. प्रयोगशाळेत काही केल्या ती रेघ निघेना. मग त्याने ठरवलं की हे पृथ्वीवर न सापडलेलं काहीतरी आहे, आणि ग्रीकमध्ये सूर्याला हेलिओस म्हणतात त्यावरून हेलियम. बरीच रसायनशास्त्रज्ञ मंडळी मानायला तयार नव्हती. सत्तावीस वर्षं हे असंच लटकत राहिलं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीने लंडनला युरेनियम असलेल्या एका खनिजावर आम्ल टाकलं, वायू निघाला, स्पेक्ट्रोस्कोप लावला, आणि तीच पिवळी. पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडलेलं हे मूलद्रव्य. तेव्हा लॉकियर साठीला टेकला होता.

आणि आता विजयदुर्ग. हा माणूस आला होता! नक्की आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गला आला, मेल्पोमीन नावाच्या आरमारी जहाजातून सामान उतरवलं, त्या जहाजावरच्या खलाशांना त्याने ग्रहणाची कामं वाटून दिली, कुणी वेळ मोजायची, कुणी कॅमेऱ्याची प्लेट बदलायची, कुणी किरीटाचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या पांढऱ्या प्रभेचं, चित्र काढायचं, आणि रोज कवायत. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं. जानेवारी महिना, कोकणात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. महिना अगदी सोयीचा. त्याच्याही आधी १८७१ च्या डिसेंबरात तो ग्रहणासाठी केरळच्या उत्तर टोकाला बेकलच्या किल्ल्यावर आला होता. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन किल्ल्यांत हा माणूस सव्वीस वर्षांच्या अंतराने सूर्याची वाट बघत उभा होता.

म्हणजे मामाची गोष्ट खोटी नव्हती, तीस वर्षांनी सरकलेली होती. तो माणूस बरोबर, जागा बरोबर, हेलियमही बरोबर, फक्त तो शोधायला नाही तर शोधून झाल्यावर आलेला. आणि मला विचाराल तर तरुणपणी ज्या रेघेवर पैज लावली, म्हातारपणी ती खरी ठरल्यावर परत समुद्र ओलांडून तिच्याकडे बघायला आलेला माणूस माझ्या आजोळच्या किल्ल्यावर उभा होता, हे मला जास्त मोठं वाटतं. आता विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा करतात, मुलं येतात, त्या निमित्ताने विज्ञानाची भाषणं होतात. करावाच. फक्त त्या मुलांना ही दुसरी तारीखही सांगा, २२ जानेवारी, अशी माझी मनापासून विनंती आहे. आपल्या जागेला तिचं खरं द्यावं.

त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याचाही माणूस होता आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला दुःख आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आत्ताच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती, वीस इंची आरशाची दुर्बीण, त्या काळी देशातली सगळ्यात मोठी. ग्रहणाला ते जेऊरला गेले. सोलापूरला जाताना लागतं ते जेऊर, करमाळ्याजवळचं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच तळ ठोकून होते. मी त्या मार्गाने कितीदा गेले असेन, जेऊर आलं की केळीवाले चढतात एवढंच माहीत होतं. आता गाडी तिथून जाताना मी खिडकीबाहेरचा माळ बघते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे तिला भावनगर टेलिस्कोप म्हणतात.

कोडाईकनालला आम्ही गेलो होतो, लेक तेव्हा पाच-सहा वर्षांची. बाकी सगळे तळ्यावर बोटिंगला गेले, मी हट्टाने वेधशाळेत. रात्रीच्या ताऱ्यांना जेवढा मिळेल तेवढा प्रकाश गोळा करायचा म्हणून आरसे मोठे करतात, पण सूर्याचं उलटं असतं, उजेड भरपूर, अडचण उष्णतेची. जमीन तापते, हवा थरथरते, उन्हाळ्यात डांबरी रस्ता हलताना दिसतो तसा सूर्याचा काठ हलतो. म्हणून उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे, पाण्यावरची हवा शांत म्हणून. आणि कोडाईला दुर्बीण बोगद्यात. वर मनोऱ्यावर फिरता आरसा सूर्य पकडतो, खाली आरशांवरून उजेड साठ मीटरच्या अंधाऱ्या बोगद्यात जातो, भिंगातून पुढे जाऊन सूर्याची ३४ सेंटिमीटरची प्रतिमा पडते. मोठ्या जेवणाच्या ताटाएवढा सूर्य. डाग असले की त्यांची काळी बुबुळं आणि भोवतीची तंतूतंतूंची करडी कड सुटी दिसावी एवढा. १९०९ मध्ये जॉन एव्हरशेडने कोडाईलाच डागांच्या कडेवर फट लावून रेघा तपासल्या तर त्या किंचित सरकलेल्या, एका बाजूला लालकडे, एका बाजूला निळ्याकडे. म्हणजे तिथला वायू डागाच्या मधून बाहेरच्या दिशेने वाहतोय. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो तसा हा प्रकाशाचा सूर. एका रेघेच्या केसभर हलण्यातून सूर्यावरचा वारा कळला!

तिथल्या म्युझियममध्ये उन्हाचा स्पेक्ट्रम लावलेला असतो, खरा, बाहेरच्या उन्हाचा. अंधारात लांबच लांब रंगीत पट्टा आणि त्याच्यात काळ्या रेघाच रेघा, ठळक, बारीक, पुसट, जोडीच्या. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. फोटो पुस्तकात शंभरदा बघितलेला, पण हे ऊन आठ मिनिटांपूर्वी सूर्यावर होतं आणि त्याच्यातून जे वजा झालंय ते माझ्यासमोर भिंतीवर होतं. पिवळ्यात मी त्या जोडीला शोधलं. मग शेजारी तिसरी, हेलियमची शोधली. नव्हती.

नसतेच. हे मला तेव्हा कळलं नाही, घरी येऊन वाचलं. हेलियमचा अणू फार घट्ट, त्याला त्या पिवळ्या रेघेसाठी जागं करायला फार ऊर्जा लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास, तेवढ्याने तो जागा होत नाही. काठावरच्या थरात आणि ज्वाळांमध्येच तो चमकतो. म्हणजे सूर्यावर वजनाने जवळजवळ पाव भाग हेलियम आणि साध्या उन्हात त्याची सहीच नाही. रेघ ठळक म्हणजे माल जास्त, असा हिशोब चालत नाही. हे गणित १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी मांडलं, कुठल्या तापमानाला कुठला अणू कुठल्या अवस्थेत असेल याचं समीकरण. ते हातात घेऊन सेसिलिया पेन नावाच्या पंचविशीतल्या मुलीने १९२५ मध्ये प्रबंध लिहिला की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तोवर सगळे धरून चालले होते की सूर्यही पृथ्वीसारख्याच मालाचा, लोखंड वगैरे. त्या काळच्या सगळ्यात वजनदार तारेतज्ज्ञाने, हेन्री नॉरिस रसेलने, हे शक्य नाही म्हणून सांगितलं, आणि तिला आपल्याच प्रबंधात लिहावं लागलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. काही वर्षांनी रसेलच तिच्या उत्तराला येऊन पोचला. हे वाक्य लिहिताना तिचा हात कसा चालला असेल याचा विचार मी बरेचदा करते. उत्तर बरोबर होतं, तिला माहीत होतं.

आज आपल्याला माहीत आहे की सूर्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान प्रकाश होऊन निघतं. आता आपलं आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे सतत बघतंय, त्याच्यावरचा सूट नावाचा अतिनील टेलिस्कोप इथे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी बनवला. अतिनील वर जाऊनच बघावा लागतो कारण आपला ओझोन तो गाळून टाकतो, आपल्या जिवासाठी बरंच आहे ते. त्याच यानावरचं दुसरं उपकरण सूर्याच्या किरीटातली हिरवी रेघ बघतं. तिचीही हेलियमसारखीच कथा, १८६९ च्या ग्रहणात दिसली, कोरोनियम नावाचं नवं मूलद्रव्य म्हणून सत्तर वर्षं मानली गेली, आणि शेवटी निघालं लोखंड. लाखो अंशांना तापून तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. म्हणजे एकदा नवं मूलद्रव्य म्हणणारा बरोबर ठरला, एकदा चुकला, आणि दोन्ही वेळा रेघ मात्र खरं बोलत होती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी गेलो तेव्हा खोकं बरोबर नेलं. मामा आता थकलाय, किल्ल्यात आला नाही, जेट्टीपाशी बाकावर बसून राहिला. आम्ही दोघी कट्ट्यापर्यंत गेलो. सूर्याकडे खोकं धरायचं नाही हे तिला पाठ आहे, नुसत्या डोळ्यांनी नाही आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही, म्हणून तिने ते समुद्रावरच्या पांढऱ्या ढगाकडे धरलं. बराच वेळ फट मागेपुढे केली. मग म्हणाली, "पिवळ्यात काळी रेघ आहे. भाताची." मी बघितली, होती, कोळ्याच्या धाग्याएवढी.

"आणि तुझी हेलियमची?"

मी सांगितलं की ती अशी दिसत नाही, सूर्याच्या काठावरच असते, आपल्या खोक्याने बघायची तर खग्रास लागतं. भारतात पुढचं कधी, तिने विचारलं. २० मार्च २०३४, काश्मीर-लडाखच्या बाजूला. ती कट्ट्यावर बसली, चप्पल काढली आणि बोटं मोजायला लागली.

"तेव्हा मी एकवीस," ती म्हणाली, "आणि आई, तिकडे मार्चमध्ये ढग असतात का गं?"